विश्लेषण : प्रोस्टेट वाढली की ‘पीएसए’ही वाढतो… मग अहवालातला आकडा कर्करोगाचा की वयाचा?

प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय दाखवणारी साधी रक्तचाचणी हाताशी आहे. तरीही ती सर्व पुरुषांना सरसकट देऊ नये, अशी मसुदा शिफारस ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केली. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या ४५ ते ६१ वर्षे वयाच्या पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करावी, एवढीच मुभा समितीने दिली. त्याच्या काही दिवस आधी माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी स्वतःला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे जाहीर केले होते आणि त्यांचे निदान याच चाचणीपासून सुरू झाले होते. चाचणीने एकाचा रोग वेळेत सापडतो, मग ती सगळ्यांना का नको? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर उतारवयातल्या एका अगदी सामान्य तक्रारीत दडले आहे. ती म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ.

बायडेन यांचे उदाहरण बोलके का?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे आणि तो हाडांपर्यंत पसरल्याचे १८ मे २०२५ रोजी जाहीर झाले. ग्लीसन गुणांक ९, म्हणजे आक्रमक प्रकारचा कर्करोग. लघवीच्या तक्रारी वाढल्याने तपासणी झाली, तीत ग्रंथीवर गाठ आढळली आणि पुढचे निदान झाले. त्यांची पीएसए चाचणी शेवटची २०१४ मध्ये झाली होती, असे त्यांच्या प्रवक्त्याने नंतर सांगितले.

या बातमीत एक जुना तपशील फारसा कुणी जोडला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये, निवडणुकीच्या आधी, बायडेन यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या प्रकृतीचा सारांश प्रसिद्ध केला होता. त्यात प्रोस्टेटच्या साध्या वाढीवर त्यांनी आधी औषधे घेतली, नंतर शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग कधीही झालेला नाही, असे नमूद होते. ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, आता काळजी नाही’ असे आपल्याकडेही अनेक घरांत मानले जाते. ते चुकीचे आहे.

कारण शरीररचनेत आहे. प्रोस्टेटचे वेगवेगळे भाग असतात. मूत्रमार्गाला बिलगून असलेला आतला भाग वयानुसार फुगतो, त्याला साधी वाढ म्हणतात. कर्करोग मात्र बहुतेक वेळा, साधारण ७० टक्के रुग्णांत, गुदाशयाच्या बाजूच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत आतला फुगलेला भाग खरवडून किंवा लेझरने सोलून काढतात. संत्र्याच्या फोडी काढल्या तरी साल शिल्लक राहते, तसा बाहेरचा भाग शरीरातच राहतो. लघवीची धार मोकळी होते, कर्करोगाची शक्यता मात्र संपत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण ब्रिटनचे राजे चार्ल्स तृतीय यांचे. जानेवारी २०२४ मध्ये प्रोस्टेटच्या साध्या वाढीवर त्यांनी उपचार घेतले. त्या दरम्यान त्यांना कर्करोग असल्याचे आढळले आणि ५ फेब्रुवारीला राजवाड्याने ते जाहीर केले. मात्र तो प्रोस्टेटचा नव्हता. जगभरच्या मथळ्यांमुळे ‘प्रोस्टेट वाढली आणि कर्करोग निघाला’ असा समज पसरला, तो अजून पुरता गेलेला नाही. साध्या वाढीचे रूपांतर कर्करोगात होत नाही. दोन्ही आजार एकाच वयात येतात, एकाच ग्रंथीत राहू शकतात आणि दोन्हींमुळे रक्तातला एकच आकडा हलतो. गोंधळ होतो तो इथे.

पीएसए म्हणजे नेमके काय?

प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले एक विकर आहे. वीर्य घट्ट असते, ते पातळ करून शुक्राणूंना मोकळे करणे हे त्याचे काम. वीर्यात ते प्रचंड प्रमाणात असते. रक्तात मात्र त्याचा किंचित अंश झिरपतो, इतका की तो नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो.

नावातला ‘स्पेसिफिक’ हा शब्द प्रोस्टेटपुरता खरा आहे, कर्करोगापुरता नाही. निरोगी पेशी पीएसए बनवतात, साध्या वाढीतल्या पेशी बनवतात आणि कर्करोगाच्या पेशीही बनवतात. एखाद्या सोसायटीच्या सगळ्या सदनिकांना मिळून एकच वीजमीटर असावा, तशी ही स्थिती आहे. रीडिंग वाढले हे कळते, कोणाच्या घरात एसी चालू आहे हे कळत नाही. आणि इमारतीला दोन मजले नव्याने चढले असतील, तर कुणीही उधळपट्टी न करता रीडिंग वाढणारच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये या चाचणीला मंजुरी दिली, ती कर्करोगाचे निदान आधीच झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. ग्रंथी पूर्ण काढल्यावर रक्तातला पीएसए जवळजवळ शून्यावर जायला हवा. तो पुन्हा दिसू लागला तर रोग परतला, हे निदान अचूक होते. त्या कामासाठी ही चाचणी आजही उत्तम मानली जाते. ज्यांना काहीच झालेले नाही त्यांच्यात कर्करोग हुडकण्यासाठी, बोटाने केल्या जाणाऱ्या तपासणीच्या जोडीने तिचा वापर करण्याची मंजुरी १९९४ मध्ये मिळाली. खरे वाद त्यानंतरचे.

ग्रंथी वाढली की आकडा का वाढतो?

तरुण पुरुषाची प्रोस्टेट साधारण २० ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशी ओलांडलेल्या साधारण निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली साधी वाढ दिसते, पंच्याऐंशीच्या पुढे हे प्रमाण ९० टक्क्यांवर जाते. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. काहींची ग्रंथी ८० ग्रॅमची असूनही लघवी सुरळीत होते, काहींना ३५ ग्रॅमलाच रात्री चार वेळा उठावे लागते. वाढ कोणत्या दिशेला झाली यावर बरेच अवलंबून असते.

ग्रंथी मोठी म्हणजे पीएसए बनवणाऱ्या पेशी जास्त, म्हणून रक्तात झिरपणारा अंशही जास्त. हे नाते मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात थॉमस स्टेमी आणि सहकाऱ्यांनी केला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, साध्या वाढीच्या दर ग्रॅममागे रक्तातला पीएसए सुमारे ०.३ नॅनोग्रॅमने वाढत होता, तर कर्करोगाच्या दर घनसेंटीमीटरमागे सुमारे ३.५ नॅनोग्रॅमने. तेव्हाची मोजणी पद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आजच्या अहवालाला लावता येत नाहीत. पण गुणोत्तर पाहा. तेवढ्याच आकाराची कर्करोगाची गाठ साध्या वाढीच्या दहापटीहून अधिक पीएसए रक्तात सोडत होती.

कर्करोगाच्या पेशी पीएसए जास्त बनवतात, असे यावरून वाटेल. तसे नाही. एकेक पेशी पाहिली तर त्या बहुधा कमीच बनवतात. फरक गळतीचा आहे. निरोगी ग्रंथीत आणि साध्या वाढीतही पेशींभोवतीचे अस्तर शाबूत असते, त्यामुळे पीएसए नलिकांतून वीर्याकडे जातो. कर्करोग हे अस्तर मोडतो आणि पीएसए सरळ रक्ताकडे वळतो. प्रोस्टेटला जंतुसंसर्ग होऊन सूज आली की अस्तर तात्पुरते सैल होते आणि आकडा अचानक उसळतो, तोही याच कारणाने.

हिशेबाची अडचण आता लक्षात येईल. ७० ग्रॅमच्या साध्या वाढलेल्या ग्रंथीतून थोडी थोडी गळती होऊन जो आकडा येतो, तोच आकडा २५ ग्रॅमच्या ग्रंथीत दडलेल्या लहानशा गाठीमुळेही येऊ शकतो. रक्ताच्या नळीत दोघांत काहीच फरक दिसत नाही.

मग ‘४’ ही रेष आली कुठून?

बहुतेक अहवालांवर संदर्भमर्यादा ‘० ते ४’ अशी छापलेली असते आणि ४.१ आला की शेजारी ठळक ‘एच’ उमटतो. निसर्गात अशी कोणतीही रेष नाही. सुरुवातीच्या अभ्यासांत हा आकडा सोयीचा ठरला, १९९० च्या दशकात बायोप्सीचा निर्णय त्यावर घेतला जाऊ लागला आणि तो रुळला.

रेषेच्या खाली सगळे आलबेल असते का, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या औषधचाचणीत तपासले गेले. पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या २,९५० पुरुषांची, आकडा काहीही असला तरी, शेवटी बायोप्सी केली गेली. १५.२ टक्के पुरुषांत कर्करोग सापडला. त्यातले बहुतेक सौम्य असले तरी साधारण सातपैकी एक आक्रमक स्वरूपाचा होता. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रेषेच्या वरची गोष्टही तितकीच बोलकी. युरोपातील मोठ्या चाचणीत पीएसए जास्त आल्याने ज्यांची बायोप्सी झाली, त्यांतील चारपैकी तिघांना कर्करोग नव्हता.

वयाप्रमाणे रेष सरकवण्याचा प्रयत्नही झाला. १९९३ मध्ये सुचवलेल्या मर्यादा चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ अशा होत्या. वयानुसार ग्रंथी वाढते, म्हणून आकड्यालाही सवलत, असा त्यामागचा विचार. तो ढोबळमानाने बरोबर आहे. पण सत्तरीतल्या सगळ्यांची ग्रंथी सारख्याच मापाची नसते.

आकड्याला आकारमानाने भागले तर?

वयावरून ग्रंथीचा अंदाज बांधण्यापेक्षा ग्रंथीच मोजावी, हा त्याहून सरळ मार्ग. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये ग्रंथीचे आकारमान मिळते. रक्तातल्या पीएसएला त्या आकारमानाने भागले की ‘पीएसए घनता’ मिळते. ०.१५ पेक्षा जास्त घनता संशय वाढवणारी मानली जाते, ०.१० च्या खाली संशय बराच कमी होतो.

दोन पुरुषांचे उदाहरण घेऊ. दोघांचाही पीएसए ६, दोघांच्याही अहवालावर ‘एच’. पहिल्याची ग्रंथी ७५ घनसेंटीमीटर, घनता ०.०८. दुसऱ्याची २५, घनता ०.२४. पहिल्याच्या आकड्याचा उलगडा नुसत्या आकारानेही होऊ शकतो. दुसऱ्याकडे एवढा पीएसए तयार करायला तेवढी ग्रंथीच नाही, त्यामुळे तो कुठून येतो हे शोधणे भाग आहे. चार पायऱ्यांचे गणितही नाही, साधा भागाकार आहे. तरी तो झाल्याशिवायच अनेक घरांत आठवडाभर झोप उडते किंवा ‘डॉक्टर उगाच घाबरवतात’ म्हणून फाइल कपाटात जाते.

घनतेलाही मर्यादा आहेत. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आकारमान थोडे मागेपुढे होते आणि मोठ्या ग्रंथीत कर्करोग नसतोच असेही नाही. म्हणून डॉक्टर तिचा आधार घेतात, पण एकट्या तिच्यावर निकाल देत नाहीत.

पीएसए ४ ते १० च्या दरम्यान असेल तर आणखी एक धागा मिळतो. रक्तातला काही पीएसए दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेला असतो, काही मोकळा. साध्या वाढीत मोकळ्याचे प्रमाण जास्त राहते, कर्करोगात घटते. अहवालावर ‘फ्री पीएसए’ म्हणून जे असते ते हेच. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मोकळ्याचा वाटा १० टक्क्यांपर्यंत असलेल्यांमध्ये कर्करोगाची शक्यता ५६ टक्के, तर २५ टक्क्यांहून जास्त असलेल्यांमध्ये ८ टक्के आढळली होती. एकूण आकडा तोच, शक्यतेत सातपट फरक.

गोळीमुळे आकडा निम्मा होतो, हे किती जणांना माहीत?

आतापर्यंतची चर्चा विनाकारण भीती घालणाऱ्या आकड्याची झाली. त्याहून घातक असतो तो खोटा दिलासा देणारा आकडा.

प्रोस्टेटच्या वाढीवर मुख्यतः दोन प्रकारची औषधे दिली जातात. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन यांसारखी औषधे मूत्रमार्गाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. ती ग्रंथी लहान करत नाहीत आणि पीएसएवर त्यांचा म्हणण्यासारखा परिणाम नसतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही दुसऱ्या प्रकारातली. ती टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे ग्रंथी आकसते. सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो.

म्हणजे ड्युटास्टेराइड घेणाऱ्या माणसाचा अहवाल ३.२ सांगत असेल, तर तो प्रत्यक्षात ६.४ च्या आसपास धरायला हवा. यंत्र ३.२ च मोजते आणि संगणक त्यापुढे ‘सामान्य’ छापतो. अशा रुग्णात आकडा किती आहे यापेक्षा तो कुठे चालला आहे हे पाहावे लागते. गोळी सुरू झाल्यावर आकडा तळाला जातो. नियमित गोळी घेऊनही तो तळापासून वर येऊ लागला, तर तो ४ च्या आत असला तरी तपासायला हवा.

हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेतील ८०,८७५ प्रोस्टेट कर्करोगग्रस्तांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासल्या गेल्या. गोळ्यांचा हिशेब धरून पीएसए वाढल्यापासून निदान होईपर्यंत लागलेला काळ या औषधांवर नसलेल्यांमध्ये सुमारे १.४ वर्षे होता, औषधे घेणाऱ्यांमध्ये ३.६ वर्षे. निदानाच्या वेळी रोग शरीरात पसरलेल्यांचे प्रमाण २.९ टक्क्यांच्या तुलनेत ६.७ टक्के होते. १२ वर्षांत प्रोस्टेट कर्करोगाने झालेले मृत्यूही औषध घेणाऱ्यांत जास्त, ८ च्या तुलनेत १३ टक्के. औषध वाईट होते असा याचा अर्थ नाही. वाढलेल्या ग्रंथीवर ते उपयोगी आहे आणि शस्त्रक्रिया टाळू शकते. आकडा दोनने गुणायचा राहून गेला, तिथे वेळ गेला.

आपल्याकडे टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकाच गोळीत एकत्र मिळतात. घरात ती ‘लघवीची गोळी’ म्हणून ओळखली जाते. वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून औषध आणले जाते आणि तपासणीच्या वेळी तिचा उल्लेख होतोच असे नाही. दुसरा गट त्याहून तरुण आहे. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी घेणारे. मात्रा लहान असली तरी पीएसए तिनेही जवळपास तितकाच उतरतो. पस्तिशीत सुरू केलेली केसांची गोळी पन्नाशीतल्या तपासणीत आठवणे सोपे नाही.

शस्त्रक्रियेनंतरही हेच तत्त्व लागू होते. आतला भाग काढल्यावर पीएसए खाली येतो. काही महिन्यांनी जो आकडा स्थिरावतो, तो त्या माणसाचा नवा पाया. पुढच्या तुलना त्याच्याशी करायच्या, छापील ४ शी नाही.

आणखी कशाने आकडा हलतो?

लघवीचा जंतुसंसर्ग, लघवी अचानक तुंबणे, नळी घालावी लागणे, बायोप्सी. यानंतर सहा ते आठ आठवडे थांबून चाचणी करण्याचा सल्ला दिला जातो. चाचणीआधी दोन दिवस वीर्यपतन आणि लांब सायकलिंग टाळायला सांगतात. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. अतिलठ्ठ व्यक्तींमध्ये रक्ताचे एकूण प्रमाण जास्त असल्याने आकडा थोडा कमी दिसू शकतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमध्ये मोजणीचे प्रमाण वेगळे असू शकते, म्हणून दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून ‘वाढला’ किंवा ‘उतरला’ म्हणणे धोक्याचे.

जास्त आला तर पुढे काय?

आधी पुन्हा तीच चाचणी. न्यूयॉर्कच्या एका कर्करोग रुग्णालयातील संशोधकांनी ९७२ पुरुषांचे चार वर्षांत पाच वेळा घेतलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा ४ च्या वर गेलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांचा आकडा पुढे कधीतरी पुन्हा मर्यादेत आल्याचे दिसले. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही पुढच्या तपासण्यांआधी चाचणी पुन्हा करायला सांगतात.

दुसऱ्यांदाही जास्त आला तर बोटाने तपासणी, आकारमान, घनता आणि बहुतेक ठिकाणी आता एमआरआय. हा क्रम अलीकडचा आहे. पूर्वी पीएसए जास्त म्हणजे थेट बायोप्सी, तीही सोनोग्राफीच्या मदतीने ठरावीक जागी दहा-बारा सुया टोचून. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने आधी एमआरआय केल्यास साधारण चारपैकी एका पुरुषाची बायोप्सी टाळता येते, हे दाखवले. एमआरआयमध्ये संशयास्पद जागेला १ ते ५ गुण देतात आणि सुई नेमकी तिथे जाते. कॅमेरून यांच्या बाबतीतही पीएसए, मग एमआरआय, मग बायोप्सी असाच क्रम होता. त्यांच्यावर नंतर ग्रंथीतल्या रोगग्रस्त भागापुरते उपचार झाले.

उपयोग आहे, मग सरसकट का नको?

युरोपातील आठ देशांत १ लाख ६२ हजार पुरुषांवर चाललेल्या चाचणीचे २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. पीएसए तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना तपासणीला बोलवावे लागले आणि १२ जणांना कर्करोगाचे निदान ऐकावे लागले.

त्या १२ पैकी उरलेल्या बहुतेकांचा कर्करोग असा असू शकतो, जो आयुष्यभर गप्प राहिला असता. पण निदान झाले की शस्त्रक्रिया किंवा किरणोपचाराकडे ओढ वाढते आणि त्यासोबत लघवीवरचा ताबा जाणे, लैंगिक क्षमता कमी होणे हे परिणाम येतात. ब्रिटनमध्येच झालेल्या दुसऱ्या चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांना नियमित निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागले गेले. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत प्रोस्टेट कर्करोगाने दगावलेले साधारण ३ टक्केच होते. ताबडतोब उपचार न करता लक्ष ठेवणे म्हणजे हयगय नव्हे, हे त्यातून पुढे आले. समितीच्या ‘नको’मागे हा जमाखर्च आहे. त्यावर टीकाही झाली, कारण एमआरआयमुळे तोट्याची बाजू आता पूर्वीइतकी जड राहिलेली नाही. नव्या पद्धतींची तुलना करणारी ‘ट्रान्सफॉर्म’ ही मोठी चाचणी ब्रिटनमध्ये सुरू झाली आहे.

अमेरिकेत २०१८ पासूनची सूचना अशी, की ५५ ते ६९ वयोगटात डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको. २०१४ मध्ये बायडेन सत्तरी ओलांडलेले होते. त्यांची चाचणी त्यानंतर झाली नाही याचे आश्चर्य वाटते ते अध्यक्षपदामुळे, एरवी ते नियमाला धरूनच आहे. अर्थात सरसकट तपासणी नको याचा अर्थ तक्रारी वाढल्यावरही तपासू नये, असा होत नाही.

भारतात चित्र काय?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची तपासणी होते. प्रोस्टेट त्यात नाही. मुंबई, पुणे, दिल्ली यांसारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत मात्र पुरुषांमधल्या प्रमुख कर्करोगांत प्रोस्टेटचे नाव आले आहे. आयुर्मान वाढते आहे, त्यामुळे हे वाढणारच. जगभरात २०२० मध्ये १४ लाख असलेले वार्षिक नवे रुग्ण २०४० मध्ये २९ लाखांवर जातील आणि ही वाढ प्रामुख्याने कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असेल, असा ‘लॅन्सेट’ आयोगाचा एप्रिल २०२४ मधील अंदाज आहे.

सरकारी तपासणी नसली तरी चाचणी सर्वदूर होते आहे, ती खासगी ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमधून. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांच्या पॅकेजमध्ये पीएसए असतोच. म्हणजे समुपदेशनाशिवाय, औषधांची विचारणा न होता झालेली ही एक प्रकारची सरसकट तपासणीच आहे. अहवाल मोबाइलवर पीडीएफ म्हणून येतो आणि लाल अक्षरांतला आकडा डॉक्टरांच्या आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतो. दुसऱ्या टोकाला ग्रामीण भागातले आणि शहरातल्या वस्त्यांमधले पुरुष आहेत. रात्री तीन-चारदा उठणे, धार बारीक होणे, थेंब थेंब गळणे यावर ‘वय झालं की असं होतंच’ एवढेच उत्तर त्यांना घरात मिळते. लघवी पूर्ण तुंबल्यावर किंवा कंबरदुखीत हाडांपर्यंत गेलेला रोग सापडल्यावर ते रुग्णालयात पोहोचतात. लघवी वर्षानुवर्षे साचून राहिली तर मूत्रपिंडांवर ताण येतो, तिथे पीएसएइतकेच क्रिएटिनिनकडे पाहावे लागते. लघवीत रक्त दिसले तर कोणत्याही आकड्याची वाट न पाहता तपासणी करावी लागते.

पॅकेजमध्ये बहुतेकदा पोटाची सोनोग्राफीही असते. तिच्या अहवालात प्रोस्टेटचे आकारमान लिहिलेले असते, ‘४८ सीसी’ असे काहीतरी. पीएसएचे पान वेगळे, तिथे ५.२ आणि ‘एच’. भागाकार केला तर घनता ०.११ येते, म्हणजे घाबरून जावे इतकी नाही आणि पूर्ण सोडून द्यावे इतकी कमीही नाही. सहा-आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी आणि मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला, एवढे त्यावर पुरेसे ठरते. तोच माणूस दोन वर्षांपासून ड्युटास्टेराइड घेत असेल, तर ५.२ चे १०.४ होतात, घनता ०.२२ वर जाते आणि पुढचा टप्पा एमआरआयचा असतो. तज्ज्ञांकडे जाताना दोन्ही अहवाल, आधीच्या वर्षांचे आकडे आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, केसांच्या गोळीसकट.